एका हाकेवरचा डेरा

फार वर्षांपूर्वी मी एक हाक ऐकली होती. मी तेव्हा तुमच्याएवढा होतो. डोंगराच्या पलीकडून कुणीतरी "ओऽऽ" अशी साद घातली आणि ती दरीतून घरंगळत आमच्या अंगणात आली. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसा तो आवाज होता. मी आजोबांना विचारलं, हा कोण? ते म्हणाले, पलीकडचा आहे कुणीतरी. मी विचारलं, पलीकडे म्हणजे किती लांब? ते म्हणाले, लांब कसलं, हाकेच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या माणसाला बघायला निघालो. दुपार झाली. एका चपलेचा अंगठा तुटला. एक ओढा लागला, मग तोच ओढा पुन्हा लागला. माणूस काही दिसला नाही. दमून परत फिरलो तेव्हा हाक पुन्हा आली. पहिल्याइतकीच जवळून.

आमची शाळासुद्धा हाकेच्या अंतरावर होती. म्हणून मी फार शिकलो नाही.

तुम्ही म्हणाल, आजोबा, गोष्ट कुठे आहे? येते आहे. मी बोलायला लागलो की गोष्टीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर तुम्ही उठून जात नाही, हा तुमचा चांगुलपणा.

तर, त्या डोंगराच्याही पलीकडे, जिथे मी कधी पोचलो नाही, तिथे एक जंगल होतं. त्या जंगलात सगळी अंतरं हाकेत मोजायचे. मोहाचं झाड दीड हाकेवर. ओढा पाऊण हाकेवर. सोयरीक ठरवताना मुलीकडचे विचारायचे, मुलगी किती हाकांवर द्यायची? दोन हाकांच्या पुढचं स्थळ असलं की मुलीची आई डोळे पुसायची.

या जंगलात राजा नव्हता. मतदान होतं. काहीही ठरवायचं असलं की सगळ्यांची मतं घ्यायची. मत म्हणजे एक खडा. पुरात कुठल्याशा गावातून वाहत आलेला एक मातीचा डेरा त्यांच्याकडे होता. त्याचं तोंड बारीक होतं. खडा एकदा आत गेला की डेरा उपडा केल्याशिवाय बाहेर निघत नसे. खडा टाकला की कपाळाला बिब्ब्याचा काळा ठिपका लावायचे, म्हणजे कुणी दोनदा टाकायला नको. तो ठिपका महिनाभर जात नसे. ठिपकेवाले मग पाणवठ्यावर जरा मान वर करून फिरायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. फार सुंदर नियम होता. कुणाच्याही घरापासून मतदानाची जागा एका हाकेपलीकडे असू नये. हा नियम झाला त्या दिवशी म्हाताऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं सांगतात.

हाक कुणाची, एवढं मात्र नियमात नव्हतं. ते कुणाला सुचलं नाही. नियम करायला जे बसले होते, त्या सगळ्यांचे गळे मोठे होते. लहान गळ्याचा एखादा असेलही तिथे. त्याचं ऐकू आलं नसेल.

या मतदानाचा सगळा कारभार रावजी बघायचे. रावजी म्हणजे वानर. काळं तोंड, पांढऱ्या भुवया आणि लांब शेपूट. बसताना ती शेपूट ते नीट गुंडाळून बाजूला ठेवत, कुणाचा पाय पडू नये म्हणून. गोष्टीत वानर आला की तुम्ही तो लबाड असणार असं धरून चालता. रावजी तसे नव्हते. ते सज्जन होते. म्हणून तर ही गोष्ट मला सांगावी लागते आहे. लबाडाची असती तर आपल्याला कधीच उमगली असती.

एका वर्षी जंगलापुढे प्रश्न आला डोहाचा.

जंगलाच्या अगदी तळाशी एक डोह होता. त्याला दगडांचा एक नैसर्गिक बांध होता. बांधामुळे पाणी अडायचं आणि उन्हाळाभर पुरायचं. त्या पाण्याच्या आधाराने कासवं, खेकडे, बेडूक, गोगलगायी, अशी सगळी हळू मंडळी राहायची. त्यांच्यात सगळ्यात वडील भागीआत्या. कासव. कुणाच्या सख्ख्या आत्या होत्या ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांच्याच आत्या झाल्या.

वरच्या पठारावर सांबरं राहायची. त्यांचे पुढारी सर्जेराव. शिंगं अशी की झाडाखालून जाताना झाडाने वाकावं. सर्जेरावांचं म्हणणं होतं की बांध फोडावा. पाणी वाहून गेलं की तळाशी चांगली ओल राहील, त्यावर हिरवंगार कुरण होईल आणि ते सगळ्यांचं असेल. आता कासव काय गवत खाईल, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तेही सांगितलं असतं. पुढाऱ्याला उत्तर नसतं असं मी पाहिलेलं नाही.

मग मतदान ठरलं. डोह ठेवायचा तर पांढरा खडा. फोडायचा तर काळा.

डेरा ठेवला टेकडीच्या माथ्यावर, मोहाच्या झाडाखाली. तिथे वारा छान येतो आणि डेरा सगळीकडून दिसतो, असं रावजी म्हणाले. आणि नियमात बसतो की नाही, हे त्यांनी लगेच मोजून घेतलं. ते मोहाच्या शेंड्यावर चढले. छाती भरून घेतली आणि हूप केलं.

वानराचं हूप तुम्ही ऐकलं नसेल. दोन डोंगर ओलांडून जातं.

खाली डोहावर साक्षीदार म्हणून सर्जेराव उभे होते. त्यांनी एकेकाला विचारलं, ऐकू आलं का? बेडूक म्हणाले आलं. खेकडे म्हणाले आलं. गोगलगायी विचार करत होत्या, पण शेवटी म्हणाल्या आलं. खोटं कोण बोलणार? आवाज तर आलाच होता. भागीआत्या मात्र काही बोलल्या नाहीत. मोठा आवाज झाला की त्या डोकं आत घेत. जन्माची सवय. हूप झालं तसं त्यांनी डोकं आत घेतलं आणि थोड्या वेळाने हळूच बाहेर काढलं.

सर्जेराव म्हणाले, "मान हलवली. होकार."

यात त्यांची लबाडी नव्हती. सांबराला कासवाची मान कशी कळणार? आमच्या ग्रामसभेत मला नेहमी डुलकी लागते. मान खाली जाते आणि ठराव मंजूर होतो. गावातल्या निम्म्या ठरावांना माझा पाठिंबा आहे असं म्हणतात. घरी आल्यावर मीच विचारतो, काय काय ठरलं?

तर रावजींच्या मोजणीप्रमाणे संबंध जंगल डेऱ्यापासून एका हाकेच्या आत निघालं. रावजींना फार समाधान वाटलं. संध्याकाळी ते पाणी प्यायला डोहावर आले तेव्हा ते समाधान त्यांच्या चालण्यातही दिसत होतं.

काठावर खंडू बसला होता. खंडू म्हणजे खेकडा. नांगीला धार होती, पण ती जिभेपुढे काहीच नाही.

"रावजी, तुमची हाक पोचली," खंडू म्हणाला. "आता आम्ही कधी पोचायचं?"

"अंतर एक हाकच आहे, खंडू. मोजलंय."

"कुणाच्या हाकेने?"

"कुणाच्या म्हणजे? हाक ती हाक."

"मग एकदा आत्यांच्या हाकेने मोजा."

सगळे भागीआत्यांकडे बघायला लागले. आत्या गोंधळल्या. त्यांनी जन्मात कधी कुणाला हाक मारली नव्हती. कुणी हवं असलं तर त्या त्याच्यापर्यंत चालत जात. तोवर तो निघून गेलेला असे, ती गोष्ट वेगळी. पण आता सगळे थांबलेच आहेत म्हणून त्यांनी मान ताणली, तोंड उघडलं आणि जोर केला. हुस्स असा थोडासा वारा बाहेर आला. समोरच्या पानावर एक माशी बसली होती. ती जरा पुढे सरकून बसली.

खंडू म्हणाला, "झालं. नियमाप्रमाणे डेरा त्या माशीच्या अलीकडे पाहिजे."

बेडूक हसले. रावजी हसले नाहीत. ते खाली बसले, शेपूट गुंडाळून बाजूला ठेवली आणि विचारलं, आत्या, तुम्हाला एवढं वर यायचंच आहे का? एक मत इकडे, एक तिकडे. तुम्हाला त्रास कशाला?

आत्यांनी काठावरच्या वाळूकडे बघितलं. वाळू सारखी केलेली होती. नीट बघितलं तरच कळलं असतं की तिथे कुणीतरी खड्डा करून बुजवला आहे.

"तिथे माझी अंडी आहेत," आत्या म्हणाल्या. "पिल्लं बाहेर आली की पाण्याकडे चालायला लागतात. कुणी सांगावं लागत नाही. पाणी नसलं तर ती कुठे चालतील?"

रावजी उठले. ते पाणी न पिताच वर गेले.

मी म्हटलं ना, सज्जन होते. पुढे कित्येक दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. मोहाची फुलं हातात धरून बसून राहायचे. आणि मग त्यांना तोड सुचली. त्यांनी सभा बोलावली आणि सांगितलं की या वेळी मतदान एकाच दिवशी होणार नाही. पौर्णिमेला व्हायचं ते अमावस्येपासूनच सुरू होईल आणि पौर्णिमेला सूर्य बुडेपर्यंत चालेल. हळू चालणाऱ्यांनी लवकर निघावं, जंगल त्यांची वाट बघेल.

सभेत टाळ्या पडल्या. मी असतो तर मीही वाजवल्या असत्या. टाळ्या वाजवायला मला कधी अडचण आलेली नाही.

खंडू म्हणाला, "म्हणजे टेकडी तिथेच. फक्त आम्ही जास्त दिवस चढायची."

त्याला गप्प बसवलं. चांगल्या कामात खोड काढू नये, असं सगळ्यांचं मत पडलं.

सवलत काढली ती सगळ्यांना सारखी हवी. एकट्या हळू प्राण्यांना दिली असती तर तो भेदभाव झाला असता. म्हणून पहिल्याच सकाळी पठारावरची बरीच सांबरं टुणटुणत आली, काळे खडे टाकले, ठिपके लावून घेतले आणि न्याहारीला परत गेली. त्यांना ही लवकर मतदानाची सोय फार आवडली. रावजींनी फार विचार करून काढली आहे, असं ती म्हणाली.

डोहावरची मंडळी अमावस्येच्या आधीच निघाली होती. जे निघू शकत होते ते सगळे. भागीआत्यांनी एक पांढरा खडा निवडला, वाळूवरून एकदा नजर फिरवली आणि खडा तोंडात धरला. कासवाला दुसरं काय धरायला आहे?

खंडू त्यांच्याबरोबर निघाला होता. पण खेकड्याची चाल तुम्हाला माहीत आहे. तोंड टेकडीकडे आणि पाय बाजूला. आत्या वर वर गेल्या आणि खंडू आडवा आडवा जात डोहाला वळसा घालून आपल्याच बिळापाशी परत आला. "मी सरळच चाललो होतो," तो पुढे म्हणायचा. "टेकडीच बाजूला सरकली."

आत्या चढत राहिल्या. गवत उंच होतं. दगड आला की वळसा. मूळ आलं की वळसा. एकदा पाय घसरला आणि पाठीवर पडल्या, तेव्हा आकाशाकडे बघत बराच वेळ पाय हलवावे लागले. पण पडतानाही खडा सोडला नाही.

वाटेत सांबरं भेटायची. ती दिवसातून दोनदा वर-खाली करायची. आत्या, मागे फिरा, पुढच्या मतदानाला पोचाल, असं एक म्हणायचं. दुसरं म्हणायचं, आत्या, काल पण इथेच होता की. सर्जेराव तर रोज भेटायचे आणि रोज हसून सांगायचे, मागे फिरा, कशाला म्हातारपणी. आत्यांना बोलता येत नव्हतं. तोंडात खडा असला की बोलता येत नाही, आणि लोकांना वाटतं, किती समजूतदार आहे.

मला आता मतदानाच्या जागी खुर्ची देतात. आजोबा, तुम्ही बसा, असं म्हणतात. मी बसतो. मग रांग पुढे जाते आणि माझा नंबर कुठे गेला ते मला आणि खुर्चीला, दोघांनाही कळत नाही. तरी बरं वाटतं. खुर्ची दिली ना.

इकडे टेकडीवर रावजी रोज डेऱ्यापाशी बसून वाट बघत होते. सांबरं आली. रानडुकरं आली. भेकरं आली. डोहावरचं कुणी येईना. रावजींना वाटायला लागलं, बिचारे निघालेच नसतील. म्हातारी माणसं, एवढी चढण. त्यांना वर बोलावणं हीच मुळात आपली चूक. न्याय करायचा तर डेराच त्यांच्या दारात गेला पाहिजे.

पौर्णिमा जवळ आली होती. रावजींनी मन घट्ट केलं. असं जंगलात कधी झालं नव्हतं. मतदानाची जागा चालत मतदाराकडे जाणार होती. नुसत्या कल्पनेनेच त्यांचे डोळे भरून आले.

नियमाप्रमाणे आधी सगळ्यांना कळवायला हवं. ते शेंड्यावर चढले आणि छाती भरून म्हणाले, डेरा खाली डोहावर चालला आहे होऽऽ. उतारावर गवतात शिरलेल्यांपर्यंत त्यातला नुसता होऽऽ पोचला.

आत्या तेव्हा टेकडीच्या मध्यावर होत्या. मोठा आवाज झाला. आत्यांनी डोकं आत घेतलं. बाहेर काढलं तेव्हा सगळं शांत होतं, म्हणून त्या पुढे चालायला लागल्या.

रावजी डेरा कवटाळून झाडांवरूनच खाली गेले. ज्या झाडावरून ते गेले त्याच्याच खालून आत्या वर चालल्या होत्या. वरून एक वाळकं पान आत्यांच्या पाठीवर पडलं, इतकंच.

त्याच दिवशी वाटेत सर्जेराव भेटले. त्यांनी डेरा खाली गेल्याचं ऐकलं होतं. आत्यांना वर जाताना बघून त्यांना कसंतरी झालं. पुढारी असले तरी तेही कुणाचे तरी मुलगे होते. ते वाटेत आडवे उभे राहिले आणि हसू न आणता म्हणाले, "आत्या, मागे फिरा. जागा खाली तुमच्या डोहावर गेली आहे. खरं सांगतो."

आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या चार पायांमधून त्या वर गेल्या.

आता सांगा, यात आत्यांचं काय चुकलं? रोज जो मागे फिरा म्हणतो, त्याचं नेमकं कुठल्या दिवसाचं खरं मानायचं?

रावजी डोहावर पोचले. डेरा आत्यांच्या घरासमोर, अगदी वाळूला लागून ठेवला. घाम पुसला. आजूबाजूला बघितलं. बिळाच्या तोंडाशी एकटा खंडू बसला होता.

"बाकीचे कुठे आहेत?" रावजींनी विचारलं.

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे? मी तर इथे आलोय."

"ते त्यांना कुठे माहीत? तुम्ही लवकर निघायला सांगितलंत. ते लवकर निघाले."

रावजींनी डेऱ्यावर हात ठेवला. खंडू म्हणाला, असाच उचला आणि वर न्या. रावजी म्हणाले, जागा एकदा हलवली, आता पुन्हा हलवली तर खालच्यांवर अन्याय होईल.

"खाली मी एकटा आहे, रावजी. हा बघा, टाकला खडा. झालं. आता न्या."

"तरीसुद्धा," रावजी म्हणाले.

त्या तरीसुद्धा शब्दाच्या पुढे कुणाला जाता आलं नाही. मलाही कधी जाता आलेलं नाही. कचेरीत माणूस तरीसुद्धा म्हणाला की मी पिशवी उचलून घरी येतो.

पण डेरा खाली आणल्याचा उपयोग झाला नाही असं नाही. पठारावरची काही आळशी सांबरं होती. त्यांना टेकडी चढायचा कंटाळा आला होता. ती पाणी प्यायला डोहावर आली आणि समोर डेरा बघून खूश झाली. पाणी प्यायली, काळे खडे टाकले, ठिपके लावून घेतले. खंडू मोजत होता. मग त्याने मोजायचं सोडून दिलं आणि बिळात जाऊन बसला.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी भागीआत्या टेकडीच्या माथ्यावर पोचल्या.

मोहाखाली कुणी नव्हतं. डेरा नव्हता. रावजी नव्हते. जिथे डेरा ठेवला होता तिथलं गवत दबून त्याचा गोल उमटला होता. आत्यांनी तो गोल बघितला. जागा हीच होती यात शंका नव्हती. आत्या त्या गोलात जाऊन बसल्या. पाय आत घेतले. वारा छान येत होता.

आत्यांना वाटलं, आपण फार लवकर आलो.

त्यांना थोडं हसूही आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुठेतरी लवकर आल्या होत्या. तोंडात खडा असल्यामुळे नीट हसता आलं नाही. पण बसल्या बसल्या त्या खाली डोहाकडे बघत होत्या. वरून डोह अगदी एवढासा दिसत होता, पानावरच्या थेंबासारखा. आपण एवढ्याशा पाण्यात एवढी वर्षं काढली याचं त्यांना नवल वाटलं.

इकडे खाली सूर्य डोंगराला टेकायला आला तेव्हा खंडू पुन्हा बाहेर आला. तो म्हणाला, आत्या येईपर्यंत थांबा, रावजी. खंडूने कुणाला विनवल्याचं डोहावर कुणी पाहिलेलं नव्हतं. रावजींनाही वाईट वाटलं. ते म्हणाले, मी त्यांना बोलावतो. आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्यांनी हाक मारली, "आत्याऽऽ."

हाक टेकडीच्या माथ्यापर्यंत व्यवस्थित पोचली. आत्यांनी डोकं आत घेतलं.

उत्तर आलं नाही. सूर्य बुडाला. रावजींनी डेऱ्याच्या तोंडाला पळसाचं पान बांधलं. मोजणी नेहमी टेकडीवर व्हायची, सगळ्यांना दिसावी म्हणून. त्यांनी डेरा उचलला आणि मंडळी वर निघाली.

माथ्यावर पोचल्यावर त्यांना त्या गोलात आत्या दिसल्या. रावजींच्या हातून डेरा पडायचाच राहिला.

"आत्या, तुम्ही इथे?"

आत्यांनी खडा हळूच खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी तोंड मोकळं झालं होतं.

"मला वाटलं, मी लवकर आले," त्या म्हणाल्या.

रावजी त्यांच्यासमोर बसले. या वेळी शेपूट गुंडाळायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सवलत कशी काढली, जागा कशी हलवली, कुणासाठी हलवली. अगदी तुमच्या दारात ठेवला होता डेरा, ते म्हणाले, तुमच्या वाळूला लागून. असं आजवर कुणी कुणासाठी केलेलं नाही.

सर्जेराव मागे उभे होते. ते खाली बघत म्हणाले, "मी सांगितलं होतं, आत्या."

"हो," आत्या म्हणाल्या. "तुम्ही रोजच सांगत होता."

मग मोजणी झाली. काळे खडे जास्त निघाले. किती जास्त, ते मी सांगणार नाही. तुम्ही लगेच एक म्हणाल, गोष्टीत नेहमी एकच असतो म्हणून. मला आकडे लक्षात राहत नाहीत. पण टेकडीच्या उतारावर तेव्हा आणखीही पांढरे खडे चढत होते, एवढं खरं. बेडूक अर्ध्यावर होते. गोगलगायी पायथ्याशी होत्या. त्या अजून उत्साहात होत्या.

रावजींनी उभं राहून जाहीर केलं की जंगलाच्या इतिहासात एवढं मतदान कधी झालं नव्हतं. हे सगळं सोयींमुळे झालं. टाळ्या पडल्या. सांबरं तेवढ्याने थांबली नाहीत. काही लगेच खाली गेली आणि थोड्या वेळाने डोहाच्या बाजूने दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग पाण्याचा.

रावजी पुन्हा आत्यांकडे वळले. त्यांच्या हातात बिब्बा होता. पौर्णिमेचा चंद्र वर आला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं. ते म्हणाले, "आत्या, मत नाही तर नाही. ठिपका तरी लावून घ्या. तुम्ही एवढं आलात, ते सगळ्यांना दिसेल. आणि पुढच्या वेळी डेरा आधीच खाली ठेवू."

भागीआत्यांनी खाली डोहाकडे बघितलं. तो मघाइतका चमकत नव्हता. त्यांना वाळू आठवली असेल. पिल्लं बाहेर आली की पाण्याकडे चालायला लागतात. पाणी जिथे होतं तिकडेच चालतील. तिकडे नाही, ओढ्याकडे चला, असं त्यांना सांगायला तिथे कुणीतरी असायला हवं, आणि वाट लांब होती.

त्यांनी खडा पुन्हा तोंडात धरला. वळल्या. रावजी बिब्बा हातात धरून अजून बोलत होते, पुढच्या सोयींबद्दल. आत्या गवतात शिरल्या आणि खाली चालायला लागल्या.

तात्पर्य: हळू चालणाऱ्याने लवकर निघू नये. घरीच थांबावं, सज्जन माणसं सोय घेऊन दारात येतात. मोठ्या गळ्याच्या माणसाला कुठलीच जागा लांब नसते. ज्याला गळा नाही, त्याने निदान मान तरी हलवू नये. दुसरं एखादं चांगलं तात्पर्य असेलही, पण ते शाळेत शिकवतात, आणि शाळा हाकेच्या अंतरावर होती.